वाचकांचे प्रश्न : शेवटची चाळीस पानं

प्रश्न : मे महिन्यात एक कादंबरी हाती घेतली. ४१२ पानांपैकी ३७० झाली आणि तिथेच अडकले. रात्री दोन पानं वाचते, दुसऱ्या रात्री चार पानं मागे जाते. पुस्तक इतकं आवडलंय की संपवावंसं वाटत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली, तरी हेच चाललंय. घरची हसतात. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी हिशेब. तुम्हाला वाटतात तेवढी ४२ पानं उरलेलीच नसतील. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराचं पुस्तक बहुधा १६ पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत, छापतात. तुमची ४१२ पानं बसायला २६ फर्मे लागतात, त्यांची ४१६ पानं होतात. मजकूर फर्म्याच्या मधेच संपला की उरलेल्या जागेत लेखकाचा परिचय, प्रकाशकाच्या पुस्तकांची यादी, नाहीतर कोरी पानं येतात. शेवटून उलटं चाळा आणि कथा कुठे थांबते तेवढं पाहा, ओळी वाचू नका. समजा ती ४०१ वर थांबली, तर उरली ३१ पानं. पानाला दोन मिनिटं धरली तरी काम तासाभराचंच.

आता खरी अडचण. दोन पानं पुढे, चार मागे ही पद्धत पुस्तकाला मारक आहे. कादंबरीच्या शेवटाकडे प्रसंग आखूड होतात, आधी सोडलेले धागे पटापट ओढले जातात. तो वेग एका बैठकीसाठी असतो. रोज दोन पानं घेतली की प्रत्येक रात्री वेग शून्यावर येतो आणि महिन्याभरानं तुम्हीच म्हणाल, ‘शेवट फसला हो.’ अशा तक्रारींत बऱ्याच वेळा शेवट बरा असतो, त्याचे तुकडे वाचकानं केलेले असतात.

रेंगाळणं वाईट नाही, थांबण्याची जागा मात्र नीट निवडा. पारायणाची आखणी पाहा. गुरुचरित्राच्या सप्ताहात पहिल्या दिवशी १ ते ९ अध्याय असतात, पाचव्या दिवशी मात्र फक्त ३६ ते ३८. अध्याय सारख्या लांबीचे नाहीत, आणि वाचन अध्यायाच्या मधे तोडायचं नाही, म्हणून वाटणी अशी कमीजास्त. कादंबरीतही तेच करा. शेवटच्या मोठ्या प्रसंगाआधी जिथे प्रकरण संपतं, किंवा मधे तारका घालून जागा सोडलेली असते, तिथे खूण ठेवा आणि पुस्तक मिटा. मग तारीख ठरवा, फार तर तीन आठवड्यांनंतरची. त्याहून लांबवलं तर दुय्यम पात्रांची नावं विसरतात आणि भाषेचा सूर कानातून जातो. त्या दिवशी खुणेच्या २५-३० पानं मागून सुरुवात करा आणि उठू नका. चवथीच्या गडबडीतला दिवस मात्र धरू नका. माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधायची असताना कोणी तुम्हाला दोन तास बसू देणार नाही.

प्रस्तावना अजून वाचली नसेल तर ठेवून द्या. मराठीतल्या लांब प्रस्तावना कथानक बिनदिक्कत सांगून टाकतात, त्यामुळे आधी वाचल्या की पचका होतो. कादंबरी संपल्यावर दुसऱ्या दिवशी वाचली, तर त्याच माणसांत आणखी वीस-पंचवीस पानं राहायला मिळतं. त्या आठवड्यात नवी कादंबरी उघडू नका, ती उगाच तुलनेत मार खाते. कविता किंवा ललित लेख चालतील.

एक शंका तपासून घ्या. मधलं कुठलंही पान उघडा. वाचत पाच-सहा पानं पुढे गेलात तर तुम्हाला निरोप जड जातोय. एका परिच्छेदात जांभई आली तर पुस्तकाचा कंटाळा आलाय आणि ‘आवडलंय’ ही जुनी आठवण आहे. तसं असेल तर खुशाल सोडून द्या.

प्रश्न : ग्रंथालयाच्या पुस्तकाची मुदत तीनदा वाढवली. वीस पानं मुद्दाम ठेवलीत. आता ग्रंथपाल डोळे वटारतात.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ते बरोबर करतात. पुस्तक परत करा. रेंगाळायचं असेल तर स्वतःच्या प्रतीत रेंगाळावं. देण्याआधी चिठ्ठीवर प्रकरणाचा क्रमांक, शेवटच्या परिच्छेदाचे पहिले चार शब्द आणि आवृत्तीचं वर्ष लिहून ठेवा. नुसता पानाचा आकडा लिहू नका, कारण नव्या आवृत्तीत अक्षरजुळणी बदलली की आकडे सरकतात. किंवा वाचनकक्षात बसून तिथल्या तिथे संपवा. पाटो, पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ पासून चालत आलेलं आहे, तुमच्या वीस पानांना तिथे जागा नक्की मिळेल.

प्रश्न : गेल्या पावसात शेवटचं प्रकरण राखून पुस्तक कपाटात ठेवलं. आता काढलं तर कुबट वास, करडे ठिपके, आणि खुणेच्या जागी गंजाचा डाग.
– एक वाचक, काणकोण

उत्तर : ठिपके बुरशीचे आहेत. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकडा याहून खाली क्वचितच येतो. ओल्या फडक्यानं पुसू नका, बुरशी कागदात घासली जाते. पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी थोडी उघडा आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर एक-दोन दिवस ठेवा. भर उन्हात ठेवलं तर कागद पिवळा पडतो आणि बांधणीचा गोंद तडकतो. ठिपके पुरते कोरडे झाले की नाकाला फडकं बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झटका. डाग राहतील, पण वाचता येईल. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि आत पुस्तकं ठासून भरू नका. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

खुणेला धातूची क्लिप कधीच नको. पिंपळाचं किंवा तुळशीचं हिरवं पानही नको, ओल सोडतं. वर्तमानपत्राची घडीही नको, तिच्यातल्या आम्लानं शेजारची पानं तपकिरी होतात. जाड पांढऱ्या कागदाची पट्टी पुरे. तिच्यावरच पात्रांची नावं आणि नाती लिहून ठेवली असती, तर आज शेवटचं प्रकरण सरळ उघडता आलं असतं. आता किमान त्याआधीची दोन प्रकरणं वाचावी लागतील.

प्रश्न : आवडत्या दिवंगत लेखकाचं एकच पुस्तक वाचायचं राहिलंय. म्हातारपणासाठी राखून ठेवू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ठेवा, पण कादंबरी असेल तर आत्ताच वाचा. राखायला पत्रं, रोजनिशी, लेखसंग्रह बरे, तुकड्यांनी वाचले तरी बिघडत नाहीत. आणि टाइप बघून घ्या. जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक असतो, तेव्हा राखायचंच असेल तर मोठ्या टाइपाची प्रत राखा.