वळवाचा वारा, घरावरचे पत्रे आणि तुमचे प्रश्न

एप्रिल सुरू झाला की या सदराला येणारी निम्मी पत्रं वादळाचीच असतात, म्हणून या वेळी सगळी एकत्र घेतलीत. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय कारण ज्यांच्या डोक्यावर पत्रे आहेत त्या सगळ्यांचाच तो प्रश्न आहे.

प्रश्न : ताई, आमचं औसा तालुक्यात शेतात घर आहे, विटांच्या भिंती आणि वर पत्रे. मागच्या मे महिन्यात संध्याकाळच्याला वळवाचा वारा सुटला आणि बघता बघता पडवीकडचे पत्रे पाइपासकट उचलून बांधावर नेऊन टाकले, नशीब पोरं तेव्हा आत नव्हती. परत टाकून घेतलेत पण मिस्तरी म्हणतो वर दगड नायतर वाळूची पोती ठेवा, काही होत नाही. खरंच तेवढ्यावर भागतं का?
— एक शेतकरी, जि. लातूर

उत्तर : दादा, दगड असतील तर आधी ते खाली उतरवा, बाकीचं नंतर वाचा. वारा पत्रा उचलायला लागला की तोच दगड घसरून आत झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो, दरवर्षी अशानं माणसं जातात आणि वाचून जीव तुटतो. आणि दगडाचं वजन मुळात पुरतच नाही. हवामान खातं 'ताशी 50 ते 60 किलोमीटर वेगाने वारे' म्हणतं ना, त्या 60 च्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर साधारण 17 किलोचा जोर येतो आणि आपला नेहमीचा पत्रा तेवढ्या जागेत 4-5 किलोच भरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे 120 ला तो 68 किलोच्या आसपास गेला, तिथं चार दगड काय करणार.

आता पत्रा उडतो कसा ते बघा म्हणजे कुठं पैसे घालायचे ते कळेल. वारा छपरावरून जोरात जाताना पत्र्याला वरच्या बाजूला ओढतो, ही ओढ सगळ्यात जास्त कडेला, कोपऱ्यात आणि आढ्यापाशी असते. त्याच वेळी दार किंवा खिडकी वाऱ्याच्या तोंडाला उघडी राहिली तर आत शिरलेली हवा खालून ढकलते, वरून ओढ खालून ढकल, मग पत्रा थांबतच नाही. म्हणून वादळात एखादी खिडकी उघडी ठेवावी म्हणजे हवा निघून जाते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सगळी दारं खिडक्या बंद, कडी घालून, दार जुनं असेल तर आतून आडणा लावून.

तुमच्याकडं पत्रा पाइपासकट गेला असं लिहिलंत, म्हणजे पत्रा पाइपाला धरून ठेवणारे हुक पक्के होते पण पाइपच भिंतीला धरलेला नव्हता. बहुतेक घरात असंच असतं, पाइप भिंतीवर ठेवायचा, बाजूला दोन विटा आणि वर सिमेंटचा गोळा, झालं काम. पत्रा पाइपाला, पाइप भिंतीला आणि भिंत पायाला, ही साखळी कुठंच तुटायला नको. जिथं जिथं पाइप भिंतीवर टेकलाय तिथं भिंत थोडी फोडून दीड-दोन फूट खाली जाईल अशी 12 एमएमची सळई घालायची, तिचं खालचं टोक आडवं वाकवायचं, भोवती चांगलं काँक्रीट भरायचं आणि आठवडाभर पाणी मारून मग वरचं टोक पाइपाला वेल्डिंग करून घ्यायचं. असं केलं की पाइप उचलायला वाऱ्याला भिंतीचं वजनपण उचलावं लागतं.

हुक तपासताना स्वतः शिडी लावून बघा, मिस्तरीच्या शब्दावर जाऊ नका. जे-हुकाचा नट हातानं फिरतोय का, खालचं वायसर उन्हानं तडकलंय का, हुकाभोवती पत्र्याचं भोक गंजून मोठं झालंय का. भोक मोठं असेल तर नवीन हुक घालून उपयोग नाही, पत्रा हुकातून फाटून निघतो, तिथं रुंद वायसर टाका नाहीतर शेजारी नवीन भोक पाडून जुनं बुजवा. हुक पत्र्याच्या उंचवट्यावर घ्यायचा, खोलगट भागात घेतला की पावसाळ्यात गळतं. मधल्या भागात जेवढे हुक आहेत त्याच्या दुप्पट वळचणीला, दोन्ही कडांना आणि आढ्याला मारा, खर्चात फार फरक पडत नाही आणि वाचतं ते इथंच वाचतं.

अजून एक, वळचण दीड फुटाच्या पुढं काढू नका, सावलीसाठी तीन-तीन फूट पत्रा बाहेर काढतात आणि वारा नेमका तोच धरतो. आणि पडवीचे पत्रे घराच्या पत्र्यांना जोडून पुढं नेले असतील तर ते वेगळे करा, पडवी गेली तर निदान घर उघडं पडत नाही. हे सगळं सकाळच्या वेळी करा, दुपारी तीननंतर आभाळ भरून आलं की पत्र्यावर कुणालाच चढवू नका.

प्रश्न : वीज कडाडायला लागली की आम्ही मेन स्विच बंद करतो तरी गेल्या साली टीव्ही आणि वायफायचा डबा जळला. आणि जनावरं लिंबाखाली बांधलेली असतात, त्यांचं काय करावं?
— एक गृहिणी, पुसद

उत्तर : ताई, मेन बंद केला तरी वायर जोडलेलीच राहते आणि विजेला तेवढी फट काहीच नाही. पिना सॉकेटमधून उपटूनच काढायच्या, सोबत डिश अँटेनाची आणि इंटरनेटची केबलपण, बहुतेकदा विजेचा झटका त्या केबलीतून येतो आणि आपण फक्त लाइटकडं बघत बसतो. पण हे ढग लांब असतानाच, डोक्यावर कडाडायला लागल्यावर पिनेला हात लावू नका, नळाखाली भांडीपण घासू नका. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजा, 30 सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे, घरात या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये घ्या, फुकट आहे, आजूबाजूला वीज पडत असेल तर सांगतं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आधीच पाणी ओतत जा, कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही.

जनावरं लिंबाखालून सोडाच. एप्रिल 2023 मध्ये अकोला जिल्ह्यात पारसला वादळात कडुनिंबाचं मोठं झाड मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर पडलं, शेडखाली आडोशाला थांबलेली 7 माणसं गेली. झाड आणि त्याखालचं शेड ही जागा माणसालाही नको आणि गुरालाही नको. पक्का गोठा नसेल तर झाडापासून, विजेच्या तारांपासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब बांधा.

प्रश्न : ठाण्यात अकराव्या मजल्यावर राहतो, आईबाबा दिवसभर एकटेच असतात. आम्हाला काय करायची गरज आहे का?
— एक वाचक

उत्तर : आहे, पण थोडीच. कठड्यावरच्या कुंड्या आजच खाली घ्या, त्या वरून कुणाच्या डोक्यात पडल्या तर काय होईल विचार करा. सरकत्या खिडक्यांचे लॉक लागतात का बघा, एसीच्या बाहेरच्या युनिटचे ब्रॅकेट गंजलेत का ते बघून घ्या. वादळ आलं की आईबाबांनी काचेपासून लांब, आतल्या खोलीत बसायचं, लिफ्ट वापरायची नाही, औषधं आणि टॉर्च एका ठरलेल्या जागी. आणि तुम्ही स्वतः ऑफिसवरून निघाला असाल तर पाऊस लागला म्हणून होर्डिंगखाली थांबू नका. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, 17 जण गेले, त्यातले कितीतरी नुसते पेट्रोल भरायला थांबलेले.

प्रश्न : निसर्ग वादळात आमची अर्धी वाडी आडवी झाली. आता घराजवळ दोन माड आणि एक फणस उरलाय, घरचे म्हणतात तोडून टाकूया. मन होत नाही.
— श्रीवर्धन तालुक्यातून एक काका

उत्तर : काका, 3 जून 2020 नंतर तुमच्याकडच्या माणसाला झाडाची भीती वाटणं अगदी साहजिक आहे. पण सरसकट तोडू नका. माड वाऱ्यात वाकतो, बुंधा निरोगी असेल तर बरंच सोसतो, मे महिन्यात गडी चढवून सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्या, कारण घरावर येतं ते तेच. बुंध्याला भोकं पडलीत, भुसा गळतोय किंवा माड घराकडं कललाय आणि मुळाशी माती सुटलीय, तर मात्र जीव घट्ट करून काढा. फणसाच्या कौलांवर आलेल्या फांद्या छाटा, पण एकाच बाजूनं छाटू नका, तोल जाऊन झाडच त्या अंगाला पडतं. कौलं असतील तर वळचणीच्या आणि कोनाच्या ओळी तारेनं बांधून घ्या.

आणि आत्ताच घराचे चारही बाजूंनी फोटो काढून मुंबईतल्या मुलांना पाठवून ठेवा. पुढं कधी नुकसान झालंच तर आवराआवर करायच्या आधी परत फोटो काढा, तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या, फुटकी कौलं तोवर ढिगात राहू द्यात. तार तुटून पडली असेल तर ती बंदच असेल असं धरून जवळ जाऊ नका, वीज कंपनीच्या 1912 या नंबरला फोन करा आणि शेजारच्या पोरांनाही तिथून लांब ठेवा.