आत्ता आई आहेस ना?

प्रिय,

पोराला पहिलीत शाळेत न घालता घरीच शिकवायचं म्हणतेस. थोडे वर्ग ऑनलाइन, उरलेलं तू बघणार. "ताई, जमेल का?" असं विचारलंस. जमेल. पण मी जिथे आपटले ती जागा आधी दाखवते.

२०२० च्या जूनमध्ये माझी लेक पहिलीत गेली, म्हणजे जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवलेला, पडद्यावर चिमुकले चौकोन, कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्ट्या देतोय. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कडेला बसून उत्तरं कुजबुजायची. बाईंनी 'क'चा शब्द विचारला की तिच्याआधी माझ्याच तोंडून 'कमळ' निघायचं. मग गृहपाठाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. अक्षर वाकडं आलं की मी खोडरबर घेऊन सज्ज. एका दुपारी ती अंगणात पडली, गुडघा फुटला. रडत माझ्याकडे धावली, दोन पावलांवर थांबली आणि म्हणाली, "आत्ता आई आहेस ना?"

पुढची दोन वर्षं, शाळा उघडल्यावरही, आम्ही तिला घरीच शिकवलं. पण माझ्या 'शाळेच्या बाई'पणाला वेळ बांधून घेतली. सकाळी नऊ ते साडेदहा, तेही मध्ये चार वेळा उठून. एवढ्याशा पोराला तेवढं पुरलं. साडेदहानंतर प्रश्न बंद. वरण वाढताना "सात नि पाच किती गं?" विचारायची माझी खोड जायला मात्र वर्ष लागलं. आठवड्यातला एक दिवस नवऱ्याकडे दे. तो वाईट शिकवेल. शिकवू दे.

आमचं घोडं अडलं ते आकड्यांवर. एकोणपन्नास म्हटलं की ती ५९ लिहायची. बरोबरच आहे, कानाला तर 'पन्नास' ऐकू येतं! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? विनोदांचा नुसता पूर. मीही हसले होते. घरी शिकवायला बसल्यावर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर काय म्हणत होत्या ते उमगलं. आम्ही दोन्ही ठेवलं, आधी 'चाळीस नऊ', मग 'एकोणपन्नास'. चिंचोक्यांचे दहा-दहाचे पाच ढीग केले आणि शेवटच्या ढिगातला एक मी मुठीत लपवला. पन्नासाला एक उणा. ती मूठ उघडायला लावून हसत सुटली. त्या दिवशी ऑनलाइन वर्ग बुडाला, आणि बुडाला ते बरंच झालं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शाळेचीच भाषा बोलतो. घरच्या शिक्षणाला त्यात वेगळी वाट आखलेली नाही. पण वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद त्यातच आहे, परत जाताना ती उपयोगी पडते. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणातल्या ए, बी, सी या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या धरतात. त्यांच्या दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. ई-बालभारतीवर पुस्तकं फुकट मिळतात. जन्मदाखला आणि आधार एका फायलीत ठेव. सासरची मंडळी "शाळेत का नाही घातलं?" विचारतील तेव्हा ही फाईल काही कामाची नाही, तिथे चहा टाक आणि विषय बदल.

संध्याकाळी मात्र त्याला खाली खेळायला सोडच. भांडण, आउट आहे की नाही याचा वाद, रुसवा, हे तुला शिकवता यायचं नाही. माझी लेक चौथीत शाळेत गेली तेव्हा अभ्यास जमला. डबा कुणाबरोबर खायचा, हे ठरवायलाच तिला दिवाळी उजाडली.

रविवारी ये. चिंचोक्यांची पिशवी अजून माळ्यावर आहे, घेऊन जा. पोरालाही आण. मी त्याला काही विचारणार नाही.

तुझी,
ताई