बेळगावात पहिल्यांदाच राहायला जातोय, तिथल्या पावसात घर कसं सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय की लातूरहून बदली होऊन जूनच्या सुमारास बेळगावला यायचंय. सोबत दोन वर्षांचं मूल आहे, दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत. इथला पाऊस चार-चार महिने हटत नाही आणि हल्ली त्याला काही नेमही राहिलेला नाही, असं तुमच्या कानावर आलंय. मग घरातलं रोजचं कसं निभवायचं?

आधी एक सांगते. बेळगावचा पाऊस म्हणून एक पाऊस नाहीच. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या वाटेवर. सासर येळ्ळूरला, शहराला लागून. धाकटी बहीण दिली अथणीला. तिन्ही घरं एकाच जिल्ह्यातली. पण जुलैत आई फोनवर सांगते, "आठ दिवस झाले, सूर्य नाही बघितला." आमच्याकडं दिवसभर रिपरिप असते, आणि बहीण विचारते, "अक्का, तुमच्याकडं तरी लागलाय काय?" शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीला त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि कणकुंबीला शहराच्या कितीतरी पट. घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात, पूर्वेला पोचेपर्यंत त्यांत फारसं काही उरत नाही. म्हणून कुणी "बेळगावात असं असतं" म्हणालं की आधी विचारायचं, कुठल्या अंगाला राहता?

तुम्ही शहरात राहणार असं धरून पुढचं लिहिते.

लातूरकडून येणाऱ्याला पावसाचीच धास्ती जास्त वाटते. पण छत्री आणि रबरी चपला घेतल्या की पावसाचं भागतं. घर खाते ती ओल. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, पश्चिमेला घाट उघडा, त्यामुळं जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा आणि पाऊस तिरका. तो वरून पडतो त्यापेक्षा भिंतीवर जास्त मारतो. आम्ही त्याला झड म्हणतो. घराची पश्चिमेची भिंत दोन महिने झड खाते आणि आतून गार पडते. त्या भिंतीला लाकडी कपाट लावायचं नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. गौरीला नेसायचा म्हणून शालू काढला, तर घडीच्या कडेवर पांढरी बुरशी, हात लावला की पिठासारखी उडणारी. पुसली, उन्हात घातला, तरी जरीवरचा तो डाग आजही आहे. तेव्हापासून आमची कपाटं पूर्वेच्या भिंतीला आणि भिंतीपासून चार बोटं लांब.

तर घर बघायला याल तेव्हा या गोष्टी बघा. खिडक्या कुठल्या दिशेला आहेत, आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर रुंद छज्जा आहे का. भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर तळहात लावून बघा. खाली गार, वर कोमट लागली तर तिथं ओल चढते. नुसता तेवढ्याच पट्ट्याला ताजा रंग दिलेला दिसला तर मालकाला स्पष्ट विचारा. स्वयंपाकघरात हवा खेळते का बघा. आणि घर बळ्ळारी नाल्याच्या जवळ असेल तर शेजारच्या दोन घरांत विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. हा नाला येळ्ळूर, अनगोळ, शहापूर, वडगावच्या शिवारातून वाहतो, जोराचा पाऊस लागला की पात्र सोडून पसरतो. भातं पाण्याखाली जातात, सखल गल्ल्यांतही पाणी येतं.

मातीच्या जुन्या घरात भाड्यानं राहायचं असेल तर आमच्या घरची गोष्ट ऐका. २०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. पाऊस लागून राहिला होता, थांबायचं नाव नाही. आमचा गोठा तेव्हा जुन्या मातीच्या भिंतीचा होता. संध्याकाळी धार काढून सासूबाई घरात आल्या आणि म्हणाल्या, "कंदिलाची खुंटी खाली पडली आहे." ती खुंटी मी लग्न होऊन आल्यापासून तिथंच होती, तिला दावी अडकवायचो, ओढली तरी हलायची नाही. मी म्हटलं, उद्या ठोकू. त्या काहीच बोलल्या नाहीत, बॅटरी घेऊन परत गेल्या आणि भिंतीच्या बुडाला हात लावून उभ्या राहिल्या. मीही जवळ गेले. भिंत पोटासारखी बाहेर आली होती, आणि लक्ष दिलं की माती सुटल्याचा बारीक आवाज येत होता, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. रात्री नऊ वाजता आम्ही चारी जनावरं सोडून पुढच्या पडवीत आणून बांधली. पहाटे भिंत बसली. नुसती खाली बसली, धडाम वगैरे काही झालं नाही. त्या आठवड्यात जिल्ह्यात कितीतरी घरं अशीच गेली. खुंटी सैल होणं, दार अचानक चौकटीत अडकणं, भिंतीच्या बुडाला माती साचणं, यातलं काहीही दिसलं तर त्या भिंतीशेजारी झोपायचं नाही. एवढं पाळाच. लहान मूल आहे म्हणून जोर देऊन सांगते.

आता नेम राहिला नाही म्हणता, ते खरं आहे. आमचं घर नक्षत्रांवर चालायचं. रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आत, कौलं फेरून, जळण माळ्यावर, शेणी रचून, पश्चिमेच्या पडवीला झाप बांधून तयार. रोहिणीत धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरणं. ७-८ जूनला मृग. मग आडदरा, पुढं तरणा (पुनर्वसू) आणि म्हातारा (पुष्य). आर्द्रा नक्षत्राला आम्ही आडदरा म्हणतो, भाजीबाजारातल्या कन्नड बायका आरिद्रा मळे, म्हणजे आर्द्रेचा पाऊस, म्हणतात. सगळ्यांची कामं त्याच नक्षत्रांवर बांधलेली. गेल्या काही वर्षांत मात्र हे जुळत नाही. २०२३ ला जून जवळजवळ कोरडा गेला, शहराला पाणी देणारं राकसकोप धरण तळाला गेलं, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. उलट २०२५ ला मॉन्सून २४ मेलाच केरळात आला, आणि आमच्याकडं मे महिन्यातच असा पाऊस लागला की धूळवाफ पेरायला रान वाळलंच नाही. माझी निम्मी चटणीही राहिली.

चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणायची, देठं काढून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवायची, मग मसाला भाजून डंकावर कुटून आणायची. पूर्वी हे काम आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळत करायचो. आता अक्षय्य तृतीयेच्या आत उरकतो. सांडगे, पापड, शेवया, धान्याला ऊन दाखवणं, गाद्या-गोधड्या वाळवणं, सगळं एप्रिलमध्येच. तुम्ही जूनमध्ये येणार, तर एक विनंती: वर्षाचं तिखट, डाळी, पापड तिकडूनच लातूरच्या उन्हात खडखडीत वाळवून आणा. इथं आल्यावर तसं ऊन थेट ऑक्टोबरात मिळेल. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा, मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवा, काडेपेटी डब्यात.

मे महिन्यात आलात तर वळीव ओळखायला शिका. सकाळपासून वाऱ्याची झुळूक असेल तर गच्चीवरचं वाळवण राहू द्या. दुपारी दोन-तीनला वारा पडला, अंगाला घाम चिकटायला लागला आणि पूर्वेकडं फुलकोबीसारखे ढग उभे राहिले की गोळा करायला लागा. पावसाळ्याचा पाऊस पश्चिमेनं येतो, वळीव बहुतेक पूर्वेकडून, धुळीचा लोट पुढं घालून. कधी गाराही पडतात. कपडे काढायला गच्चीवर जायचं ते विजा लांब असतानाच. कडकडाट सुरू झाला की मिरची भिजली तर भिजू दे, वर जायचं नाही.

पावसाळ्याच्या दिवसात आम्ही सकाळी उठून राजहंसगडाकडं बघतो. गड स्वच्छ दिसला तर धुणं बाहेर. गड ढगात बुडालेला असला तर धुणं पडवीत. तुम्हाला शहरातून गड दिसेलच असं नाही, पण आठवडाभरात तुम्हालाही अशी एखादी खूण सापडेल. मोबाईलवर हवामान खात्याचा यलो, ऑरेंज इशारा येतो तोही बघत जा. सरकारी संदेश बहुतेक कन्नडमध्ये असतो, तो शेजाऱ्याकडून वाचून घ्यायला संकोच करू नका, इथं सगळे एकमेकांना वाचून दाखवतात. जोराच्या पावसात जिल्हा प्रशासन शाळांना सुट्टी देतं, ते आदल्या रात्री किंवा पहाटे कळतं.

सासूबाईंसाठी. त्यांना पूर्वेची किंवा दक्षिणेची खोली द्या आणि त्या खोलीत ओले कपडे कधीही वाळत घालू नका. बाळाचे लंगोट वाळत नाहीत म्हणून सगळेजण रात्री आतच दोरी बांधतात, आणि तिथंच चुकतं. सगळी वाफ खोलीत राहते, भिंती काळ्या पडतात, दमेकऱ्याला रात्री धाप लागते. कपडे पिळणाऱ्या यंत्रातून काढून स्वयंपाकघराच्या बाजूला किंवा झाकलेल्या गॅलरीत घाला, शेवटची ओल इस्त्रीनं मारा. लंगोट नेहमीपेक्षा दुप्पट ठेवा. दुपारी उघडीप मिळाली, अर्धा तास का असेना, की पूर्वेच्या खिडक्या उघडून हवा फिरू द्या, उशा-चादरी उन्हात टाका. हातातलं काम बाजूला ठेवून हे आधी करायचं, कारण ते ऊन परत किती दिवसांनी येईल ते सांगता येत नाही. डासांसाठी कडुनिंबाची धुरी करतात आमच्याकडं, ती त्यांच्या खोलीत नको. आल्या-आल्या इथल्या डॉक्टरांना दाखवून ठेवा, पाऊस जोरात लागायच्या आधी. आणि करंट जातो तेव्हा वाफ घ्यायचं यंत्र चालत नाही, म्हणून दम्याचा पंप उशाशी हवाच.

पावसात खायला मात्र इथं चांगलं मिळतं. खानापूरच्या जंगलातली अळंबी, टाकळा, भारंगी बायका बाजारात घेऊन बसतात. अळंबी ओळखीच्या बाईकडूनच घ्या. आमच्या घरी त्या दिवसात रात्री गरम पेज आणि सुक्या मिरचीचा ठेचा असतो, अंगात ऊब राहते.

थंडीचं फार सांगायला नको, डिसेंबर-जानेवारी सुखाचे. सकाळी धुकं, दंव, बाळाला कानटोपी. त्याआधी सुगी येते, नोव्हेंबरात. कापलेलं भात शिवारात पसरलेलं असतं आणि बंगालच्या उपसागरात कुठं वादळ झालं की इथं ढग भरतात. कापणी झाल्यावर आलेला पाऊस आम्हाला ऑगस्टच्या पुरापेक्षा जिव्हारी लागतो. दाण्याला कोंब फुटतात, आमच्या येळ्ळूरच्या बासमतीचा वास उतरतो. त्या दिवसात रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं दिसलं तर गाडी बाजूनं घ्या, एवढी एक विनंती करते. सुगी झाल्यावर त्याच रानात उरलेल्या ओलीवर आम्ही मसूर पेरतो, पाणी न देता येते. या मसुरीची आमटी इथं आल्यावर खाऊन बघा.

उन्हाळ्यात पाण्याची टाकी मोठी असलेलं घर बघा. राकसकोप आणि हिडकल, दोन्हीकडून शहराला पाणी येतं, पण पाऊस लांबला की जूनमध्ये नळ दिवस चुकवतो. बाकी उन्हाळ्याचं लातूरकरांना मी काय सांगणार. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, रात्री अजूनही बऱ्यापैकी गार असतात.

जमलं तर सामान जूनऐवजी मेच्या पहिल्या पंधरवड्यात हलवा. गाद्या आणि लाकडी सामान पावसात ट्रकमधून आणलं की ती ओल पुढं चार महिने निघत नाही. कुठल्या भागात घर बघताय ते खाली लिहा. शहापूर-वडगावकडचं असेल तर कुठल्या गल्लीत पाणी येतं ते मी घरी विचारून सांगते.