अव्वल होणं आणि अव्वल राहणं: मुलाच्या गोल्फसाठी फ्लॅट विकावा का?

प्रश्न: माझं वय 51, पुण्यात खासगी नोकरी, निवृत्ती साठाव्या वर्षी. मुलगा 17 वर्षांचा, ज्युनिअर गोल्फमध्ये चांगलं नाव आहे, हँडिकॅप प्लस 1 (म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण एक फटका कमी). प्रशिक्षक म्हणतात, याला अमेरिकेतल्या अकादमीत तीन वर्षं ठेवा. राहणं, खाणं, स्पर्धा धरून वर्षाला 45 लाख लागतील. बाणेरचा दुसरा फ्लॅट (किंमत 1 कोटी 10 लाख, भाडं 28 हजार) विकायचा आणि पीपीएफचे 22 लाख काढायचे, असं ठरत आलंय. एकदा पोरगा वरच्या पातळीवर पोचला की वीस वर्षं चिंता नाही. टायगर वूड्सचं उदाहरण आहेच. सोबत पीएफ, म्युच्युअल फंड आणि घरखर्चाचा तपशील जोडला आहे.

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलासाठी स्वतःची कमाई मोकळी करायला निघालेला बाप त्यात दिसतो, म्हणून उत्तरही मोकळेपणानेच देतो. खर्चाचे आकडे तुम्ही नीट मांडलेत, त्यात मला काही खोट दिसत नाही. मी अडलो ते एका वाक्यापाशी: ‘एकदा वर पोचला की वीस वर्षं चिंता नाही.’ सगळा हिशेब या वाक्यावर उभा आहे, म्हणून आधी तेच तपासू.

टायगरपासूनच सुरुवात करतो. गोल्फमध्ये ज्याला सर्वांत कमी फटके लागतात तो जिंकतो. 2000 साली त्याने गोल्फची यूएस ओपन 15 फटक्यांच्या फरकाने जिंकली. सलग 142 स्पर्धांत त्याचा कट चुकला नाही, म्हणजे मधल्या चाळणीत तो एकदाही बाहेर पडला नाही. एकूण 683 आठवडे तो जगात पहिल्या क्रमांकावर होता. आणि तरीही पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेत) तो जितक्या स्पर्धा खेळला, त्यातल्या साधारण पाचात एक जिंकला. त्याच्या 82 विजयांमागे हरलेले आठवडे कितीतरी जास्त आहेत. जॅक निकलॉसच्या नावावर 18 मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा, आहेत, पण मेजरमध्ये तो 19 वेळा दुसरा आला, हे फार लोकांना माहीत नसतं. गोल्फच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या दोन नावांची ही गत. बाकीच्यांचं काय होत असेल?

टेनिसशी ताडून पाहा म्हणजे कारण लक्षात येईल. फेडरर, नदाल, जोकोविच या तिघांनी मिळून 66 ग्रँडस्लॅम जिंकले. तिथे विजेत्याला सात जणांना हरवावं लागतं, एकेकाला, आणि मानांकनामुळे तगडे प्रतिस्पर्धी शेवटीच समोर येतात. शिवाय समोरच्याला पळवता येतं, दमवता येतं. गोल्फमध्ये यूएस ओपनला 156 जण एकाच वेळी मैदानात असतात आणि त्यातल्या एकाच्याही खेळात तुम्हाला हात घालता येत नाही. तुम्ही कितीही सुंदर खेळलात तरी तिकडे कुणाचा तरी आयुष्यातला सर्वांत चांगला आठवडा चालू असू शकतो. एका फेरीत सत्तरच्या आसपास फटके, चार दिवसांत चार फेऱ्या, आणि अव्वल खेळाडू व मधला खेळाडू यांच्यात फेरीमागे फरक एक-दोन फटक्यांचा. खळग्याच्या कडेला लागून बाहेर आलेले दोन पट (खळग्याजवळून मारलेले हलके फटके) आणि वाऱ्याने वळवलेला एक चेंडू, एवढ्यात तो फरक पुसला जातो.

पैशाच्या बाजूनेही हा खेळ कठोर आहे. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला एकूण बक्षिसाच्या 18 टक्के मिळतात. दोन दिवसांनंतर पहिले 65 आणि बरोबरीतले पुढे जातात. बाकीचे कट चुकला म्हणून सहसा रिकाम्या हाताने परततात. विमान, हॉटेल आणि कॅडीचं (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचं) बिल मात्र द्यावंच लागतं. पगार नाही, पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही.

हे झालं पोचण्याबद्दल. टिकणं त्याहून अवघड. डेव्हिड डुव्हाल 1999 मध्ये जगात पहिला होता. त्याने 2001 ची ब्रिटिश ओपन जिंकली आणि त्यानंतर पीजीए टूरवर पुन्हा कधीच जिंकला नाही. तैवानच्या यानी त्सेंगने बाविसाव्या वर्षापर्यंत पाच मेजर जिंकल्या होत्या. सलग 109 आठवडे ती पहिल्या क्रमांकावर होती आणि मग तिचा खेळ असा हरवला की डावखुऱ्या पद्धतीने पट मारण्यापर्यंत पाळी आली. जॉर्डन स्पीथने 21 वर्षांचा असताना एकाच वर्षात दोन मेजर जिंकल्या, मग 2017 च्या ब्रिटिश ओपननंतर 2021 पर्यंत त्याच्या हाती एकही स्पर्धा लागली नाही. रॉरी मॅकिलरॉयला 2014 नंतरची पुढची मेजर 2025 मध्ये मिळाली. तोवर तो उत्तमच खेळत होता, तरी मध्ये अकरा वर्षं गेली.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या निर्णयाशी त्याचा सरळ संबंध आहे. ऑस्ट्रेलियाचा इयन बेकर-फिंच 1991 चा ब्रिटिश ओपन विजेता. 1995 साली सेंट अँड्र्यूजला तो जुना दिग्गज आर्नल्ड पामरबरोबर पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभा राहिला. तिथल्या पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे (टीपासून खळग्याकडे जाणारा गवताचा पट्टा) एकच आहे, समोर नुसतं हिरवं पटांगण. जगातला सर्वांत रुंद फेअरवे म्हणतात त्याला. बेकर-फिंचने पहिलाच चेंडू डावीकडे इतका वळवला की तो ते सगळं पटांगण ओलांडून हद्दीबाहेर गेला. सरावाच्या रेंजवर याच माणसाचे फटके बिनचूक जात. पहिल्या टीवर नाव पुकारलं की हात ऐकेनासे होत. 1997 च्या ओपनमध्ये पहिल्या फेरीत 92 फटके लागले, तो लॉकररूममध्ये रडला आणि स्पर्धा सोडून गेला. वय तेव्हा 36. शरीर धडधाकट होतं, हत्यारं तीच होती.

आता तुमचा मुलगा चार फुटांच्या पटवर उभा आहे, असं डोळ्यांसमोर आणा. तो चुकला तर कट चुकणार. आणि त्याला माहीत आहे की बाबांनी फ्लॅट विकून आपल्याला इथे पाठवलंय. तुम्ही हे त्याला कधी बोलून दाखवणार नाही, याची मला खात्री आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाला घरातलं सगळं कळतं.

आता तुमची निवृत्ती. आजचा घरखर्च महिना 80 हजार. महागाई 6 टक्के धरली तर साठाव्या वर्षी तोच 1 लाख 35 हजारांवर जातो. पुढची पंचवीस-तीस वर्षं तो चालवायला साधारण 4 कोटी लागतील. तुमचा पीएफ आज 62 लाख आहे, महिन्याचे 30 हजार त्यात पडत राहिले तर आजच्या व्याजदराने 1 कोटी 70 लाखांपर्यंत जाईल. फंडातले 40 लाख 10 टक्क्यांनी 94 लाख होतील. इथपर्यंत जमले 2 कोटी 64 लाख. पीपीएफ राखला तर त्यात आणखी 40 लाख, आणि फ्लॅटची किंमत वर्षाला नुसती 4 टक्के वाढली तरी दीड कोटी. म्हणजे फ्लॅट आणि पीपीएफ असताना तुम्ही सुखरूप आहात. ते गेले की जवळपास 1 कोटी 36 लाखांचा खड्डा पडतो आणि तो भरायला नोकरीची नऊच वर्षं उरतात. तुम्ही त्या फ्लॅटला ‘दुसरा फ्लॅट’ म्हणता. माझ्या कागदावर ती तुमची पेन्शन आहे.

म्हणून माझं उत्तर: फ्लॅट विकू नका, पीपीएफला हात लावू नका. पण मुलाला थांबवाही नका.

गोल्फच्या जोरावर सन्मानाने जगणारी भारतीय माणसं आहेत. जीव मिल्खा सिंगने युरोपात बाजी मारली. अर्जुन अटवाल 2010 मध्ये पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय ठरला. अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचाच, 2015 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो पाचव्या क्रमांकाच्या बरोबरीत होता. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिम्पिक खेळला. यांच्यापैकी कुणीही वीस वर्षं जगावर राज्य केलं नाही, तरी या कारकिर्दी मोठ्याच आहेत. नियोजन करायचं तर अशा कारकिर्दीचं करावं, टायगरचं नाही. आणि तुमच्या मुलाचा प्लस 1 कौतुकाचाच आहे, पण टूरवरचे खेळाडू साधारण प्लस 5 च्या पुढे मोजले जातात. फेरीमागचे ते चार फटके कमी करणं हेच पुढच्या काही वर्षांचं काम आहे.

त्याच्या शिक्षणासाठी ठेवलेली 18 लाखांची एफडी, फ्लॅटचं भाडं आणि तुमची महिन्याची 40 हजार शिल्लक, एवढं मिळून चार वर्षांत 50 लाख होतात. त्याच्या खेळावर आणि शिक्षणावर मिळून एवढेच खर्च करा. हे पैसे परत येणार नाहीत असं समजूनच खर्च करा, त्याच्याकडून कधी हिशेब मागू नका. अकादमीऐवजी अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे वळा. जगात पहिल्या क्रमांकावर पोचलेले स्कॉटी शेफलर आणि स्पीथ दोघेही टेक्सास विद्यापीठाच्या संघातून आले, टायगरसुद्धा दोन वर्षं स्टॅनफर्डला होता. तिथे मुलग्यांच्या गोल्फमध्ये पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच मिळते, अर्धीमुर्धी मिळू शकते. उरलेली रक्कम 50 लाखांत बसली तरच पाठवा. बसत नसेल तर इथेच पदवी, इंडियन गोल्फ युनियनच्या हौशी स्पर्धा आणि नंतर आपल्या व्यावसायिक टूरची पात्रता फेरी. या वाटेने गेलं तर स्पर्धांमधलं अपयश पचवूनही त्याच्या हातात पदवी राहते.

शैक्षणिक कर्ज काढायला हरकत नाही, पण बँकेने तारण म्हणून फ्लॅट मागितला तर नको म्हणा. नाहीतर फ्लॅट मागच्या दाराने जाईल.

दीड वर्षाने थांबायचं की पुढे जायचं, ते कशावर ठरवायचं हे आत्ताच लिहून काढा: हौशी खेळाडूंच्या जागतिक क्रमवारीत तो कुठे असायला हवा, फेरीमागे सरासरी किती हवी. हे आकडे मुलाने स्वतः लिहावेत. प्रशिक्षकांच्या उत्साहावर हा निर्णय सोडू नका, त्यांची फी कोणत्याही निकालात चालूच राहते.

आणि मुलाच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा घ्या, कायमचं अपंगत्व धरून. टायगरच्या पाठीच्या शस्त्रक्रिया जगाने पाहिल्या. स्कॉटी शेफलर तर 2024 च्या ख्रिसमसला स्वयंपाक करताना फुटलेल्या काचेने तळहाताला जखम करून बसला, शस्त्रक्रिया झाली आणि नव्या हंगामाची सुरुवात हुकली. तो पहिल्या क्रमांकावर होता, त्याला ते परवडलं.

पुढच्या वेळी त्याची गेल्या वीस फेऱ्यांची स्कोअरकार्डं घेऊन या, जिंकलेल्या आणि हरलेल्या दोन्ही स्पर्धांची. वहिनींनाही सोबत आणा. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय, पण त्यांना काय वाटतं हे चार पानांच्या पत्रात मला कुठेच सापडलं नाही.