अमेरिकेतल्या आमच्या गावचं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज, डाउनटाउनमध्ये आर्ट्स अँड कॉन्फरन्स सेंटर बांधणार आहे. त्यासाठी आमचा प्रॉपर्टी टॅक्स वाढणार. गणेशोत्सवाला हॉल मिळण्यापलीकडे त्याचा काही उपयोग आहे का?

"हॉल मिळण्यापलीकडे" हे वाचलं आणि राहवलं नाही. नेमकं हेच मी आमच्या मंडळाच्या बैठकीत ऐकलंय. तेव्हाचे खजिनदार म्हणाले होते, "नाटकाला लागतं काय? चार खुर्च्या आणि दोन माईक." जेवणासकट स्वस्तात मिळतेय म्हणून त्यांनी एका हॉटेलची बॉलरूम ठरवून टाकली.

चार महिने आम्ही बेसमेंटमध्ये तालमी केल्या होत्या. बॉलरूममध्ये गुडघ्याएवढं जोडस्टेज. विंगा नाहीत, एन्ट्री किचनच्या दारातून. दुसऱ्या अंकाच्या शेवटी माझा एकटीचा प्रसंग होता: आई मुलाचं पत्र वाचते, घडी घालते, अंधार. सरकत्या भिंतीपलीकडे कुणाच्या तरी लग्नाचं रिसेप्शन चालू होतं, डीजेचा ठोका माझ्या पायाखाली जाणवत होता. आणि अंधार झालाच नाही, कारण सगळ्या खोलीचे दिवे एकाच बटणावर आणि त्या बटणापुढे पाण्याच्या बाटल्यांचं टेबल. मी तशीच लख्ख उजेडात उठले आणि पत्र हातात घेऊन लोकांसमोरून किचनमध्ये चालत गेले. माझी आई पहिल्या रांगेत होती. सांगलीची, नाटकं बघत वाढलेली. घरी येईपर्यंत ती गाडीत एक शब्द बोलली नाही.

पुढच्या वर्षी मी हट्टाने एका कम्युनिटी कॉलेजचं छोटं थिएटर घ्यायला लावलं. लाइट्सवर तिथलाच एक विद्यार्थी होता, दिवसा गोदामात काम करून संध्याकाळी स्टेज टेक्नॉलॉजी शिकणारा. मराठीचा गंध नाही. आम्ही त्याला संहिता रोमन लिपीत लिहून दिली. तो तीन तालमींना आला, पेन्सिलने खुणा करत बसला आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "पत्राला तुम्ही घड्या किती घालता? दोन की तीन?" मी म्हटलं, तीन. प्रयोगात दुसऱ्या घडीला उजेड उतरायला लागला आणि तिसऱ्या घडीला मिट्ट काळोख. हा प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुणीही विचारलेला नाही.

तर उपयोग हा आहे. कॉलेजचं थिएटर म्हणजे भाड्याचा हॉल नव्हे, ती त्या मुलांची कार्यशाळा. वेल्डिंग शिकवायला वर्कशॉप लागतं, नर्सिंगला लॅब लागते, त्यावर कुणी टॅक्सचा हिशेब मांडत बसत नाही. रंगमंचाची वेळ आली की मात्र सगळ्यांना काटकसर आठवते.

डाउनटाउन का, तर मी व्हर्जिनियातल्या नॉरफोकजवळ राहते, तिथलं सांगते. तिथली ग्रॅनबी स्ट्रीट एकेकाळी बाजारपेठ होती, पुढे पार ओस पडली. टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेज १९९७ मध्ये तिथे आलं, जुन्या मोठ्या दुकानांच्या इमारतींमध्ये वर्ग भरायला लागले. १९२६ चं लोज स्टेट थिएटर बंद पडलं होतं, ते दुरुस्त करून २००० साली कॉलेजने रोपर परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर म्हणून उघडलं. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, जवळच मॅकआर्थर सेंटर हा भलामोठा मॉल आला आणि गावाचं भलं मॉलच करणार असं सगळे धरून चालले होते. २०१९ मध्ये नॉर्डस्ट्रॉम हे त्यातलं मोठं दुकान तिथून गेलं आणि २०२३ मध्ये शहरालाच तो मॉल विकत घ्यावा लागला. दुकानं येतात-जातात. संध्याकाळच्या वर्गाला येणारी मुलं रस्त्यावर रोजची वर्दळ ठेवतात.

कॉन्फरन्स सेंटरबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. जवळ हॉटेल नसेल तर बाहेरगावची परिषद येत नाही, आणि मग उरतात लग्नं आणि कंपन्यांची जेवणं. बांधायचंच तर आयोवातल्या कर्कवुड कम्युनिटी कॉलेजसारखं बांधावं. त्यांनी २०१० मध्ये कॉलेजच्या आवारातच हॉटेल आणि कॉन्फरन्स सेंटर उघडलं. हॉटेल मॅनेजमेंटची आणि स्वयंपाकाची मुलं तिथेच काम करत शिकू लागली. तुमच्या कॉलेजात तो कोर्सच नसेल, तर कॉन्फरन्सच्या नावाखाली बॉलरूम बांधली जाईल, आणि बॉलरूमबद्दल मला काय वाटतं ते वर सांगून झालंय.

आमच्या खजिनदारांचं म्हणणं असं की कॉलेजचं थिएटर महाग पडतं, कारण इन्शुरन्सचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, जेवण आत नेता येत नाही. ते खरं आहे. पण नाटकाच्या मध्यंतरात छोले-पुरीच हवी, हा आग्रह कुणाचा होता? बटाटेवडे बाहेर लॉबीत खाऊन झाले, कुणीही उपाशी गेलं नाही.

आता टॅक्सचं. बाँडचा, म्हणजे मतदान घेऊन काढलेल्या आणि तुमच्या टॅक्समधून फेडायच्या कर्जाचा, पैसा फक्त बांधकामाला असतो. पुढची वीज, हीटिंग, तंत्रज्ञांचे पगार कॉलेजच्या रोजच्या बजेटातून जातात, आणि ते बजेट विद्यार्थिसंख्येवर चालतं. २०१० नंतर देशभरात कम्युनिटी कॉलेजांची विद्यार्थिसंख्या बरीच वर्षं घसरत होती, त्यामुळे ही काळजी रास्त आहे. हे सगळं राज्याराज्यात वेगळंही असतं. आमच्या व्हर्जिनियात ही कॉलेजं राज्याच्या यंत्रणेखाली आहेत, तुमच्याकडे टॅक्स वाढणार म्हणजे तुमचं स्वतःचा टॅक्स लावणारं स्थानिक कॉलेज डिस्ट्रिक्ट असणार. तुमची गणितं मला ठाऊक नाहीत. मत द्या की देऊ नका, ते मी सांगणार नाही.

पण कॉलेजच्या बोर्डाची बैठक खुली असते आणि नाव नोंदवलं की दोन-तीन मिनिटं बोलू देतात. तेवढ्यात दोनच गोष्टी विचारा. इमारत उघडल्यावर पहिली पाच वर्षं ती चालवायचा खर्च कुठून येणार? आणि नकाशात स्टेजच्या दोन्ही बाजूंना विंगा किती फुटांच्या आहेत?