स्मार्ट मीटर बसवल्यापासून वीजबिल वाढलंय. मीटर जास्त पळतो का? रोजचा वापर कसा बघायचा?

आधी जुना मीटर काढला त्या दिवसाचं शेवटचं रीडिंग शोधा. आधीचे दोन-तीन महिने ‘सरासरी’ बिल येत असेल, तर राहिलेले युनिट मीटर बदलल्यानंतरच्या बिलात एकदम येऊन पडतात आणि शिव्या नव्या मीटरला बसतात.

मीटरवरच शंका असेल तर घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी ३२०० असा आकडा छापलेला असतो (काहींवर १६००). म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब तेवढा लावा. सहा मिनिटांत दिवा साधारण ३२ वेळा लुकलुकायला हवा. एखाद-दोन इकडे तिकडे चालेल, पण पन्नास मोजले तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. आमच्याकडे ३१ आले. माझा भांडायचा मूडच गेला.

मग महावितरणच्या अ‍ॅपमध्ये तासागणिक वापर बघितला. दिवसाचा आकडा सोडा, पहाटे दोन ते पाचचा बघा. आमच्याकडे सगळे गाढ झोपलेले असताना तासाला ०.२ युनिट जात होते. याच हिशेबाने महिन्याला १४४! घरगुती दर १०० युनिटनंतर जवळपास दुप्पट होतो, आणि आम्ही झोपेतच तो टप्पा ओलांडत होतो.

चोर निघाला फ्रिज. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलं होतं. दारात वहीचा कागद अडकवून ओढला तर सुळकन बाहेर. आत थंडी टिकेना, म्हणून कॉम्प्रेसर रात्रभर थांबतच नव्हता. रबर बदलल्यावर रात्रीचा आकडा निम्म्यावर आला.

१ जुलै २०२५पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली, तीही या मीटरमुळेच मिळते. पण वॉशिंग मशीनचा एक घाणा अर्धा युनिट धरला तर वाचतात ४० पैसे. खरी वीज खातो गीझर, आणि आमच्याकडे नऊच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या असतात.

तुमचा पहाटेचा आकडा किती येतो ते खाली लिहा. ०.१च्या वर असेल तर फ्रिजपासून सुरुवात करा.