मी बारीक, गोड खात नाही, तरी शुगर आली… माझं काय चुकलं?

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता माणूस खुर्चीत बसायच्या आधीच कळतं, आज हाच येणार. गोव्यात फोंड्याला मी समुपदेशन करते. माझ्या छोट्या खोलीत डायबेटीसची माणसं येतात ती शुगर वाढली म्हणून नाही, तर डॉक्टरांनी सांगितलेलं करत नाहीत म्हणून पाठवलेली असतात. कोणी गोळ्या गुपचूप बंद केलेल्या, कोणी इन्सुलिनला दोन वर्षं नाही म्हणतोय, कोणी रिपोर्टच आणत नाही. आळशी असतील, बेफिकीर असतील असं घरच्यांना वाटतं, पण जरा शांतपणे बसवून ऐकलं की तळाशी लाज सापडते, आणि बारीक माणसांना तर ती जास्तच, कारण त्यांच्याकडे बोट दाखवायला जाडीसुद्धा नसते.

म्हणून आज एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि दहा-बारा भेटी इथं थोडक्यात आणल्यात.

बाई ४६ वर्षांच्या, प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. वजन ५१ किलो. सगळं गाव बाई म्हणतं म्हणून मीही बाईच म्हणायचे. शुगर निघून चार वर्षं झालेली. बारीक माणसाला चाळिशीत शुगर निघाली की प्रकार वेगळा तर नाही ना हे बघायला डॉक्टर रक्तातलं अँटिबॉडी आणि सी-पेप्टाईड तपासतात, तेही करून झालं होतं, नेहमी आढळणारा टाइप २च होता. डॉक्टर आता रात्रीचं इन्सुलिन सुरू करूया म्हणत होते आणि बाई ऐकत नव्हत्या.

पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मॅडम, चहातली साखर सोडली, भात एका वाटीवर आणला. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की मी खिडकी लावून घेते हो. माझी जाऊ माझ्या दुप्पट आहे, चवथीला नेवऱ्यो (करंज्या) डब्यानं संपवते, तिची शुगर नॉर्मल. मग माझं काय चुकलं?"

"काहीतरी चुकलंच असलं पाहिजे का?"

"चुकल्याशिवाय मार्क कसे जातील?"

मार्क हा शब्द मी मनात ठेवून दिला. माणूस आपल्या आजाराबद्दल बोलताना कुठले शब्द वापरतो तिकडं माझं लक्ष असतं. बाई रिपोर्टला 'निकाल' म्हणायच्या, शुगर जास्त आली की 'नापास' म्हणायच्या, गोळी वाढवली की 'वरच्या वर्गात ढकललं' असं म्हणायच्या नाहीत, 'शिक्षा वाढली' म्हणायच्या.

दुसऱ्या भेटीला वही आणली. बोटाला टोचून घरी शुगर बघायची आणि लिहून ठेवायची असं डॉक्टरांनी सांगितलेलं. दोनशे पानी शाळेची वही, पट्टीनं आखलेले रकाने, सुंदर अक्षर. ११२, ११८, १२१, १०९, ११६. दोन महिने असेच आकडे. आणि पर्समधल्या रिपोर्टवर तीन महिन्यांची शुगर, म्हणजे ते एचबीए१सी, ९.४. हा आकडा सहसा फसत नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत जेवढी साखर फिरली तेवढी त्यांना चिकटते, त्यामुळे तपासणीच्या आधी आठवडाभर उपास करून फारसं काही होत नाही. ९.४ म्हणजे सरासरी शुगर २२०च्या आसपास. वहीत ११६.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. पण वही बघत राहिले. खऱ्या घरातली शुगरची वही अशी नसते, एक दिवस निळं पेन, एक दिवस मुलाची पेन्सिल, कुठं हळदीचं बोट, कुठं आकडा तिरका. या वहीत सगळं एकाच पेनानं, एकाच तिरकेपणानं. इतकी वर्षं हे काम करतेय, डोळ्यांना सवय होते.

पुढच्या भेटीत सहज विचारलं, "बाई, मुलांची शुद्धलेखनाची वही रोज लिहिलीय की एका रात्रीत, हे तुम्हाला कसं कळतं?"

बाई हसल्या. "अगदी लगेच कळतं. पेन एकच असतं. पहिल्या पानावर अक्षर टपोरं, पुढं पुढं हात दुखायला लागलेला दिसतो, आणि खाडाखोड नसते, कारण बघून बघून…" आणि थांबल्या. वही आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावरच होती. बराच वेळ त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग पदरानं उगाच वहीचं कव्हर पुसलं.

"मशीनवर २४० दिसलं की वही उघडवतच नाही मॅडम. मग डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री बसते."

"अशी वही सापडली तर त्या मुलाला काय करता?"

"मारत नाही. घरी काहीतरी असतं. जवळ बसवते."

मी फक्त मान हलवली. त्या रडल्या, मी रडू दिलं.

आता इथं मला खरं तर सांगावंसं वाटत होतं की बाई तुमचं काहीच चुकलेलं नाही. पण लाज अशी समजुतीनं जात नाही. समजूत ऐकली की माणसाला वाटतं, ही दया करतेय. बाईंना पुरावा लागतो, त्या शिक्षिका आहेत. माझा विश्वास असा की माणूस आजारापेक्षा त्या आजाराला त्यानं जो अर्थ दिलाय त्यानं जास्त खचतो, आणि अर्थ बदलायचा तर भक्कम काहीतरी हातात द्यावं लागतं. म्हणून पुढची भेट मी अक्षरशः तास घेतल्यासारखी घेतली.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. शेजारी शेजारी उभे, उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आतून एकाच्या अंगात दुपटीहून जास्त चरबी. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक दिसतात, पण त्यांच्यात कमी पडतात ते स्नायू नि अवयव, चरबी त्या मानानं टिकून असते. स्नायू कमी म्हणजे साखर जिरवायची जागा कमी. पोटात असताना आईला जेवढं मिळतं त्यात बाळाचं शरीर आधी मेंदू सांभाळतं, बाकीच्यात काटकसर करतं, आणि ही काटकसर चाळीस वर्षांनी शुगर होऊन समोर येऊ शकते.

बाई ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी बारीक नव्हतेच?"

"काट्यावर होतात."

पंख्याचा आवाज येत होता फक्त. मी काही बोलले नाही, अशा वेळी बोलायचं नसतं हे मला उशिरा कळलंय.

"मी पोटात असताना आई पेजेवर होती. घरात बारा माणसं, ती सगळ्यात शेवटी जेवायची. मी इवलीशी झाले होते म्हणायची, कापसात ठेवली होती." मग थोड्या वेळानं, "म्हणजे हे माझ्याही आधीचं आहे."

मला भीती वाटली की आता दोष स्वतःवरून उचलून आईवर ठेवतील. पण त्यांनीच पुढं म्हटलं, "तिचं तरी काय चुकलं. टोपात उरायचं काय."

इतक्या भेटींत मी जे करू शकले नसते ते त्या एका वाक्यात झालं. दोष कुणाच्या ना कुणाच्या पदरात टाकलाच पाहिजे हा हट्टच सुटला. त्या दिवसापासून मीही एक गोष्ट शिकले, की संशोधनातली माहिती ही फक्त डोक्यासाठी नसते, योग्य वेळी दिली तर ती मायेनं पाठीवर ठेवलेल्या हातासारखं काम करते. आता मी याज्ञिकांचा तो फोटो बऱ्याच जणांना सांगते.

इन्सुलिनचं त्यानंतर सोपं झालं. त्यांच्या मनात होतं की इन्सुलिन म्हणजे शेवटची शिक्षा. मी इंग्लंडच्या यूकेपीडीएसचं सांगितलं, १९७७ ला सुरू झालेला, नुकतीच शुगर निघालेल्या ५,१०२ लोकांचा अभ्यास. त्यात दिसलं की शुगर कळते त्या दिवशीच स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवायची निम्मी ताकद गेलेली असते आणि वर्षं जातात तशी ती अजून उतरते, नीट वागणाऱ्यांचीही उतरते. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आपण डोळ्यांना नापास म्हणतो का? आणि त्याच लोकांचा पुढं दशकानुदशकं पाठपुरावा केला, २०२४ मध्ये त्याचे निकाल आले, ज्यांची साखर सुरुवातीलाच नीट आटोक्यात ठेवली होती त्यांना त्याचा फायदा इतक्या वर्षांनंतरही मिळत होता. म्हणजे लाजेपायी घालवलेलं एकेक वर्ष महाग पडतं.

मध्येच जाऊबाईंचा विषय निघाला. त्यांनी वजन उतरवायचं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलेलं. टिर्झेपटाईड आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाईड जूनमध्ये, तेव्हापासून घराघरात हीच चर्चा. बाई म्हणाल्या, "सोपा रस्ता काढला तिनं, तोंडावर ताबा ठेवायला नको." मी त्यांना थांबवलं. सेमाग्लुटाईडच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या जवळपास उतरलं, आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. माणसं तीच, मोठा फरक औषधाचा. भूक मनाच्या ताकदीवर चालत असती तर असं झालं नसतं. घ्यावं की नाही, कुणी घ्यावं, हे डॉक्टर ठरवतील, पण जो मापदंड बाई स्वतःला लावत होत्या तोच जावेला लावत होत्या, हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

आता तुमच्यासाठी, कारण हे वाचणाऱ्यांत अशी वही लपवणारे बरेच असणार. २०२३ मध्ये चेन्नईच्या डॉ. अंजना, डॉ. मोहन आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभराचा अभ्यास आला, १ लाख १३ हजार लोकांचा. देशात ११.४ टक्के प्रौढांना डायबेटीस, आणि सगळ्यात वर आपला गोवा, २६.४ टक्के. चारातल्या एकाला. एवढी माणसं एकदम चुकारपणा करत असतील का, तुम्हीच सांगा.

आपल्या वाक्यातला 'च' बघत चला. 'शुगर नीट राहिली तर बरं' आणि 'शुगर नीट राहायलाच पाहिजे' यात फरक दिसायला लहान आहे, पण दुसऱ्या वाक्यानं माणूस वही लपवतो. मी जवळपास प्रत्येक माणसाबरोबर या 'च'वर काम करते आणि तो निघाला की हात मोकळे होतात. आकडा वाईट आला तर तोच आधी लिहा, शेजारी दोन शब्द टाका, उशिरा जेवले, झोप नाही, भांडण झालं. भांडणाचं मी गमतीनं म्हणत नाही, ताणात शरीर जे हार्मोन सोडतं त्यानं लिव्हर रक्तात साखर ओतते, काही न खाताही आकडा चढतो. गोळी चुकली तर डॉक्टरांना चुकली म्हणून सांगा, नाहीतर ते गोळी लागू पडत नाही समजून अजून एक वाढवतील. बारीक असाल तर काट्यावर भरवसा ठेवू नका, टेप घ्या, कंबर बायकांची ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषांची ९०च्या वर गेली असेल तर शुगर तपासून घ्या, आईवडिलांना असेल तर तिशीतच घ्या.

आणि घरच्यांनो, ताटावर पहारा देऊ नका. बाईंचे यजमान रोज जेवताना म्हणायचे, "भात जास्त वाटतोय ना?" प्रेमानंच म्हणायचे. मी त्यांना बोलावलं आणि एवढंच सांगितलं, की भाताबद्दल बोलायचं नाही, जेवण झालं की चला म्हणायचं आणि देवळापर्यंत चालत न्यायचं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू साखर ओढून घेतात, आणि नवराबायकोचं बोलणंही होतं. सुरुवातीला ते अवघडले, आता रोज जातात.

बाईंनी इन्सुलिन सुरू केलं. चार महिन्यांनी एचबीए१सी ७.६ आलं. चवथीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो आला. २६३, लाल पेनानं. शेजारी बारीक अक्षरात, 'नेवऱ्यो तीन, पातोळी एक, रात्री भजन दीडपर्यंत.' खालच्या ओळीत दुसऱ्या दिवशीचा आकडा १४८, तो पेन्सिलीनं, थोडा पुसट, कोपऱ्यात तेलाचा डाग.

खाली मेसेज होता, "मॅडम, डॉक्टरांना हे असंच दाखवू?"

मी लिहिलं, "असंच."